पोटातला गट आणि पायाच्या मुंग्या

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका निवृत्त आरोग्यसेविकेने केलेलं हे भाषण. ज्या गटांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



अध्यक्षताई, सचिवताई आणि सकाळपासून उन्हातान्हाच्या चालत आलेल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींनो, मला सांगितलंय वीस मिनिटं बोल. तीस वर्षं उपकेंद्रात नोकरी केली, लसी टोचल्या, बाळंतपणं केली, पण माइकसमोर बोलायची सवय नाही. म्हणून मी आपली गटाच्या बैठकीत बोलावं तसं बोलते. समजलं नाही तर हात वर करा.

सुरुवात एका गोष्टीने करते. आमच्या गटातल्या एक मावशी आहेत. नाव सांगत नाही. त्याच म्हणाल्या, "माझी गोष्ट सांग, नाव नको." मावशींना आठ-नऊ वर्षं शुगर आहे. गोळ्या मिळायच्या, पण कधी घ्यायच्या, कधी राहायच्या. उपवासाला नाही, लग्नाला गेलं की नाही, बरं वाटतंय तर कशाला, असं चालायचं. मागच्या वर्षी निंदणीला गेल्या. चपलेच्या तळातून बाभळीचा काटा आत शिरला आणि मोडला. बायांनो, बाभळीचा काटा! आपल्याला नुसता टोचला तरी डोळ्यात पाणी येतं. मावशींना कळलंच नाही. चौथ्या दिवशी नात पाय चेपायला बसली, तर गोधडीला डाग, पायाला वास. तोवर अंगठा काळा पडला होता. तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

मावशींनी गटातून शेळ्यांसाठी कर्ज काढलं होतं. दोन शेळ्या विकल्या तेव्हा दवाखान्याचा आणि जाण्यायेण्याचा खर्च निघाला. कर्ज शेळीसाठी काढलं आणि शेळी दवाखान्यात गेली. हप्ता मात्र चालूच राहिला.

आता माझी चूक सांगते. त्याच्या आधी वर्षभर मावशी बैठकीत मला म्हणाल्या होत्या, "बाई, रात्री पायाला मुंग्या येतात गं, तळव्याची आग होते." आणि मी, तीस वर्षांची आरोग्यसेविका, काय म्हणाले? "दिवसभर उभ्या असता, थकवा असेल, तेल लावून झोपा." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. म्हणून आज हा विषय मी मागून घेतलाय. तुमच्यापैकी कोणाच्या पायाला मुंग्या येत असतील, तर माझ्यासारखं उत्तर तुम्हाला कोणी देऊ नये आणि तुम्हीही कोणाला देऊ नये.

मुंग्या येतात म्हणजे काय होतं?

आपल्या अंगभर मज्जातंतूंचं जाळं आहे. आपण साध्या भाषेत त्यांना नसा म्हणतो. गरम, गार, टोचलं, चिमटा बसला ही खबर त्या मेंदूला पोचवतात. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की या तंतूंना इजा होते. आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या ज्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात, त्याही खराब होतात. म्हणजे पिकाला खत नाही आणि पाटाचं पाणीही बंद, अशी गत.

आधी पायच का? कारण पायापर्यंत जाणारे तंतू सगळ्यात लांब. पाइपलाइन जेवढी लांब तेवढी शेवटच्या टोकाला अडचण आधी. म्हणून बोटांच्या टोकाला सुरुवात होते आणि मोजा चढवल्यासारखं ते हळूहळू वर येतं. आधी मुंग्या, मग आग, सुया टोचल्यासारखं, रात्री जास्त. आणि मग एक दिवस काहीच नाही. बाईला वाटतं, बरं झालं, आग थांबली. पण ती आग थांबलेली नसते, खबर देणारा तंतूच मुका झालेला असतो. हे सगळ्यात धोक्याचं. मधुमेह असलेल्या माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. आणि पाय किंवा बोटं कापायची वेळ येते, तेव्हा सुरुवात बहुतेक वेळा एका छोट्या, न दुखणाऱ्या जखमेपासून झालेली असते.

हा आजार काही श्रीमंतांचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मदतीने देशभर जी मोठी पाहणी झाली, तिचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात मधुमेह असलेली सुमारे १० कोटी माणसं, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी असलेली आणखी साडेतेरा कोटींच्या वर. त्यात तुमच्या-माझ्यासारख्या शेतात राबणाऱ्या बायाही आहेत. "मी कष्ट करते, मला कशी होईल शुगर?" हा भरवसा ठेवू नका.

आता पोटातल्या गटाची गोष्ट

तुम्ही म्हणाल, दुखतंय पायात आणि बाई बोलणार पोटाबद्दल. हो, कारण गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांना एक वेगळीच वाट दिसलीय, आणि ती आपल्या चुलीपाशी येते.

आपल्या अंगात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, जिवाणू राहतात. किती? आपल्या शरीरात जेवढ्या पेशी आहेत, साधारण तेवढेच जिवाणू. सगळ्यांचं मिळून वजन पावशेराच्या आसपास. "जंतू म्हणजे वाईट" असं मीही शिकवत आले. पण यातले बरेचसे आपले भाडेकरू आहेत, आणि भाडं चुकतं करणारे भाडेकरू आहेत.

मी याला पोटातला गट म्हणते. आपल्या गटात कसं, प्रत्येकीने बचत टाकली तर गट चालतो आणि अडीअडचणीला आपल्याच कामी येतो. पोटातल्या गटाची बचत म्हणजे चोथा. भाकरीतला कोंडा, उसळीतल्या कडधान्याचं साल, पालेभाजीच्या काड्या, शेंगा, पेरू. हे आपल्याला पचत नाही. लहान आतड्यातून ते तसंच पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथे हे जिवाणू त्याला आंबवतात, जसं आपण आंबील आंबवतो तसं. आणि त्यातून काही आम्लं तयार होतात. त्यातलं एक महत्त्वाचं, त्याचं नाव ब्युटिरेट. नाव विसरलात तरी चालेल, काम लक्षात ठेवा.

पहिलं काम, मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी मुख्यतः याच ब्युटिरेटवर जगतात. ते मिळालं तर अस्तर घट्ट राहतं.

दुसरं काम, ही आम्लं आतड्यातल्या काही पेशींना जागं करतात. त्या पेशी एक संदेश पाठवतात, तो स्वादुपिंडाला सांगतो, "जेवण आलंय, इन्सुलिन सोड," आणि डोक्याला सांगतो, "पोट भरलं." हल्ली शहरात वजनाची आणि शुगरची जी महागडी इंजेक्शनं निघालीत, त्यातली बरीचशी याच संदेशाची नक्कल करतात. आपल्या भाकरी-उसळीने इंजेक्शनाएवढं काम होत नाही, तसं मी म्हणणार नाही. पण वाट तीच आहे.

आता बचत बंद झाली तर? गट उपाशी. चोथा मिळाला नाही की काही जिवाणू आपल्याच आतड्यावरचा बुळबुळीत थर खायला लागतात. हे उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय. घरात धान्य नसलं की माणूस बियाणं खातो ना, तसं. थर पातळ झाला की अस्तर सैल होतं आणि काही जिवाणूंच्या सालीचे विषारी तुकडे रक्तात झिरपतात. शरीराला वाटतं, शत्रू घुसला. मग अंगभर एक मंद धग पेटून राहते. ताप येत नाही, दुखत नाही, पण राखेखाली निखारा असतो तशी. या धगीत इन्सुलिनचं काम नीट होत नाही, साखर वाढते. आणि साखरेने आधीच दुबळ्या झालेल्या मज्जातंतूंनाही ही धग सोसत नाही. पोटातून पायापर्यंतची वाट ही अशी आहे.

हे कोणी पाहिलं?

हे माझ्या मनचं नाही. २०१२ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी आणि २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या माणसांचे पोटातले जिवाणू तपासले. स्वीडनच्या पाहणीत तर सगळ्या बायाच होत्या, सत्तरीच्या १४५ जणी. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी निघाली. मधुमेह असलेल्यांच्या पोटात ते ब्युटिरेट बनवणारे जिवाणू कमी होते.

मग २०१८ मध्ये चीनमध्ये एक प्रयोग झाला. मधुमेहाची ४३ माणसं घेतली. औषध सगळ्यांना एकच. पण काहींना जेवणात नेहमीचाच सल्ला आणि काहींना भरपूर चोथा, निरनिराळ्या प्रकारचा. १२ आठवड्यांनी पाहिलं तर चोथा खाणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर जास्त चांगली उतरली, आणि त्यांच्या पोटात चांगले जिवाणू वाढलेले दिसले. माणसं थोडीच होती, पण दिशा स्पष्ट होती.

आता नसांचं. २०२३ मध्ये चीनमध्येच पाहिलं गेलं की ज्यांच्या पायाच्या नसा मधुमेहाने बिघडल्यात, त्यांच्या पोटातल्या जिवाणूंची वस्तीही बदललेली असते. मग डॉक्टरांनी निरोगी माणसांच्या विष्ठेतले जिवाणू स्वच्छ करून, तपासून, त्या रुग्णांच्या आतड्यात सोडले. हसू नका, खरंच सांगतेय. साधारण तीन महिन्यांत त्यांचा नसांचा त्रास कमी झाल्याचं नोंदवलं गेलं. पण रुग्ण अगदी थोडे होते, आणि हा दवाखान्यातला प्रयोग आहे, अजून उपचार झालेला नाही. उद्या कोणी "पोट शुद्धीने नसा मोकळ्या" असं सांगत मोटारसायकलवरून पुड्या विकायला आला, तर त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा.

आणखी एक. ही वाट दोन्ही बाजूंनी चालते. शुगरने पोटाच्या नसाही बिघडतात. मग दोन घास खाल्ले की पोट गच्च, कधी मळमळ, कधी बद्धकोष्ठ, कधी रात्री जुलाब. बाया म्हणतात, "पित्त झालंय." जुनी शुगर असेल आणि असं वारंवार होत असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

चुलीपाशी काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा खावा. आता हिशेब करू. आपण हिशेबात पक्क्या आहोत.

१०० ग्रॅम बाजरीत साधारण ११ ग्रॅम चोथा. नाचणीतही ११. ज्वारीत १०. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात? पावणेतीनच्या आसपास. मैद्यातही तेवढाच. अख्ख्या हरभऱ्यात मात्र २५.

म्हणजे दिवसभरात दोन बाजरीच्या भाकरी, एक वाटी हरभऱ्याची किंवा मटकीची उसळ, एक पालेभाजी आणि एक पेरू, एवढ्यात २५ भरतात. यातलं काय बाजारातून पाकिटात आणावं लागतं? काहीच नाही. आपल्या सासवांच्या ताटात हेच होतं. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं गेलं, आणि आपण मात्र पाहुणे आले की भाकरी लपवून मैद्याच्या पुऱ्या काढतो.

चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, पीठ चाळून कोंडा म्हशीला घालू नका. गव्हाचं पीठ दळून आणलं की बारीक चाळणीने चाळायची सवय सोडा. म्हैस तगडी झाली, आपण अशक्त राहिलो.

दोन, चोथा एकदम वाढवू नका. आज उपाशी असलेल्या गटाला उद्या पंगत घातली तर पोट फुगतं, वारा धरतो. आठवड्याआठवड्याने वाढवा आणि पाणी भरपूर प्या.

तीन, उपवासाची साबुदाण्याची खिचडी. साबुदाण्यात नुसता स्टार्च, चोथा नाहीच म्हटलं तरी चालेल. साखर झरझर वर चढते. उपवास मोडा असं मी म्हणत नाही, श्रद्धा तुमची. पण भगर, राजगिरा, शेंगदाणे, काकडी, ताक असं करता येतं. भगरही मापातच. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नका. दरदरून घाम, हातपाय थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर उतरलीय असं समजा, लगेच साखर-पाणी प्या आणि माणूस हाक मारून बोलवा.

चार, प्रत्येक सर्दी-तापाला मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका. ती औषधं जीव वाचवतात, डॉक्टरांनी दिली तर पूर्ण घ्या. पण उगाच घेतली तर पोटातले चांगले जिवाणूही मरतात. तण मारायला गेलो आणि पीकच जाळलं, तसं होतं.

गोळीबद्दल दोन शब्द

शुगरची जी गोळी सर्रास मिळते ती मेटफॉर्मिन. चांगली गोळी आहे, जुनी आहे, आणि तिचं काही काम आतड्यातूनच होतं, पोटातले जिवाणूही तिने बदलतात. म्हणूनच सुरुवातीला कोणाकोणाला मळमळ, जुलाब होतात. जेवणाबरोबर घेतली की त्रास कमी. त्रास झाला म्हणून आपणच बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

पण एक माहिती मला मावशींच्या वेळी आठवायला हवी होती. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या अंगातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. आणि बी-१२ कमी झालं तरी पायाला मुंग्या येतात! ते जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. आपण बाया काय करतो? दूध डेअरीला, अंडं पोराला, आणि उरलं तर आपल्याला. म्हणून मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना विचारा, "माझं बी-१२ तपासायचं का?" हा प्रश्न विचारायला घाबरू नका. ती कमतरता भरून काढता येते.

सभेत बायांनी विचारलेले प्रश्न

"भाकरीच खायची तर मग कितीही चालेल का?" नाही ताई. भाकरीनेही साखर वाढते, फक्त मैद्यापेक्षा सावकाश. एक भाकरी कमी, उसळ आणि भाजी जास्त, असं ताट करा.

"दही-ताक रोज घेतलं तर गोळ्या सुटतील?" सुटणार नाहीत. आंबवलेल्या पदार्थांनी पोटातल्या जिवाणूंचे प्रकार वाढतात असं दिसलंय, म्हणून साखर न घातलेलं घरचं ताक, आंबील चांगलीच. पण ते जेवण आहे, औषध नाही.

"दुकानात जिवाणूंच्या कॅप्सूल मिळतात, घ्याव्या का?" मधुमेहासाठी त्या घ्यायलाच हव्यात इतका पुरावा नाही. तेवढ्या पैशात महिनाभराची मटकी येते.

"जिवाणूंची तपासणी करून घ्यावी का?" गरज नाही. तपासायची ती साखर. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी साडेसहा टक्के किंवा जास्त आली तर मधुमेह धरतात, पुन्हा तपासून खात्री करतात. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी आपल्या आरोग्य केंद्रात मोफत असते. आशाताई फॉर्म भरतात, त्यांना टाळू नका. गरोदरपणात जिची शुगर वाढली होती, तिने तर बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत एकदा आणि पुढेही नियमित तपासायलाच हवी.

"काढा, कारल्याचा रस?" कारलं भाजी म्हणून खा. पण त्याच्या भरवशावर गोळी सोडली तर पायाची जबाबदारी काढेवाला घेणार नाही.

आता बसल्याजागी एक तपासणी शिका

ही इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी काढलेली साधी पद्धत आहे. मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. दोघी दोघी बसा. एकीने चप्पल काढून पाय लांब करावे आणि डोळे मिटावेत. दुसरीने आपल्या तर्जनीचं टोक तिच्या पायाच्या बोटाच्या टोकाला हलकंच टेकवावं, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. आधी उजव्या पायाचा अंगठा आणि करंगळी, मग डाव्या पायाचा अंगठा आणि करंगळी. मग उजव्याचं मधलं बोट, शेवटी डाव्याचं मधलं बोट. एकूण सहा जागा. कळलं की तिने "हं" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाचा स्पर्श कमी झालाय असं समजा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवा. डॉक्टर नायलॉनच्या धाग्याने नीट तपासतात. शुगर असलेल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा तरी तो तपास करून घ्यावा.

(इथे सभेत सगळ्यांनी दोघी दोघी बसून ही तपासणी केली. चार जणींना दोनपेक्षा जास्त जागी स्पर्श कळला नाही. त्यातल्या दोघींनी आपली साखर आजवर कधीच तपासलेली नव्हती. – संपादक)

पायाची रोजची निगा सांगते आणि थांबते. रात्री झोपताना तळवे पाहा. वाकता येत नसेल तर आरशात पाहा, नाहीतर सुनेला, नातीला दाखवा. लाज कसली? पाणी कढत आहे का ते पायाने नाही, कोपराने बघा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. टाचेला खोबरेल लावा, बेचक्यांत नको. अनवाणी शेतात नाही, अंगणात नाही. देवळात जायचंच तर ऊन उतरल्यावर, आणि घरी येऊन तळवे पाहायचे. चप्पल घालण्याआधी झटका. भोवरी, कुरूप ब्लेडने कापू नका. शेकायला चुलीजवळ पाय नेऊ नका. आणि जखम झाली, ती दुखत नसली तरीही, त्याच दिवशी दाखवा. दुखत नाही ही चांगली खूण नाही, हे मावशींनी दोन बोटं देऊन आपल्याला शिकवलंय.

बायांनो, आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे. आपण ते पाठ म्हणतो आणि बचतीच्या वहीकडे वळतो. माझी ग्रामसंघांना तीन मागण्या आहेत. दर तीन महिन्यांनी एका बैठकीत हिशेब संपला की ही बोट टेकवायची तपासणी करा आणि कोणाला स्पर्श कळला नाही ते इतिवृत्तात नाही, पण त्या बाईच्या कानात नक्की सांगा, आणि तिच्याबरोबर एकजण दवाखान्यात जा. दुसरी, बैठकीच्या चहाबरोबर मैद्याची बिस्किटं बंद करून फुटाणे ठेवा, आणि चहात साखर निम्मी. तिसरी, आजाराच्या कर्जाची मागणी आली तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. पहिल्याच दिवशी दिलेले पाचशे रुपये पुढचे पन्नास हजार वाचवतात.

मावशी आज इथे आल्यात, मागच्या रांगेत बसल्यात. बूट घालून चालतात, बाजरीची भाकरी खातात, गोळी चुकवत नाहीत. त्यांच्याकडे आता एकच शेळी आहे, ती गाभण आहे. निघताना त्या मला म्हणाल्या, "बाई, तेल लावा म्हणून सांगू नकोस हं कुणाला."

नाही सांगणार, मावशी.